सर्व्हिसिंगच्या दिवशी दिलेल्या बदली गाडीचे पैसे लावणं रास्त आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वार्षिक सर्व्हिसिंगसाठी गाडी शोरूममध्ये सोडलीत, काउंटरवरच्या मुलीनं हसून बदली गाडीची किल्ली हातात ठेवली, आणि संध्याकाळी बिलात 'कर्टसी कार, १ दिवस' अशी ओळ निघाली. मागच्या दोन्ही वर्षी हीच सोय फुकट होती. पैसे भरून मोकळे झालात, पण गोष्ट मनातून जात नाही. हे रास्त आहे का, आणि पैसे परत मागता येतील का?

मी काही वर्षं अशाच एका काउंटरच्या पलीकडे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणून बसलो आहे. ही ओळ माझ्या हातानं कितीतरी बिलांत गेली आहे. तेव्हा शोरूमची बाजूही माझ्याकडूनच ऐका आणि त्यातली लबाडीही.

पैसे मागण्याचा हक्क शोरूमला आहे. किल्ली देताना गप्प बसून संध्याकाळी बिलात घालण्याचा नाही. पण तुमच्या प्रश्नाचं खरं मूळ या दोन्हीच्या आधी आहे: मुळात तुम्हाला बदली गाडी लागली का?

तुमच्या गाडीवर त्या दिवशी किती वेळ काम झालं असेल? साधी सर्व्हिसिंग म्हणजे ऑइल, फिल्टर, ब्रेकची तपासणी, थोडं वरखाली. मेकॅनिकच्या हातात गाडी जेमतेम दीड-दोन तास असते. तरी तुम्ही ती सकाळी साडेआठला सोडता आणि ती मिळते साडेपाचला. मधले सात-साडेसात तास ती आवारात उन्हात उभी असते. कारण वर्कशॉप दिवसाचे एकूण कामाचे तास विकतं, तुमची वेळ विकत नाही. दहा मेकॅनिक असतील तर दहाजणांना दिवसभर पुरेल इतकं काम सकाळीच आवारात आणून ठेवायचं, म्हणजे कुणाचा हात रिकामा राहत नाही. एखाद्या गाडीचा सुटा भाग आला नाही तर पुढची ओढायची. वर्कशॉपसाठी हे फार सोयीचं आहे. गिऱ्हाइकासाठी याचा अर्थ एवढाच, की दीड तासाच्या कामासाठी अख्खा दिवस गाडीविना.

त्यात आणखी एक पाचर असते. साडेअकराच्या सुमारास अ‍ॅडव्हायझरचा फोन येतो: "सर, पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत, बदलू का?" तुम्ही मीटिंगमध्ये असता, फोन उचलत नाही, आणि गाडी लिफ्टवरून उतरवून बाजूला लावली जाते. तुम्ही दुपारी दोनला होकार देता तेव्हा लिफ्टवर दुसरी गाडी चढलेली असते. आम्हाला हे ठाऊक होतं, आणि हेही ठाऊक होतं की ज्याच्याकडे बदली गाडी आहे तो घाई करत नाही आणि जादा कामाला हो म्हणण्याची शक्यता जास्त. रिक्षानं आलेला माणूस मात्र "आज राहू द्या, पुढच्या वेळी बघू" म्हणतो. म्हणजे बदली गाडी ही आमच्या धंद्याचीही सोय होती. शिवाय आम्ही बहुतेकदा तुमच्या गाडीपेक्षा एक पायरी वरचं मॉडेल द्यायचो. का, ते तुम्हाला दोन दिवसांनी सेल्सच्या मुलाचा फोन आल्यावर कळलं असेल. "कशी वाटली गाडी, सर?" फिरती जाहिरात तुम्ही चालवायची आणि वर तिचं भाडंही तुम्हीच द्यायचं, हे मला तेव्हाही पटत नव्हतं. पण तेव्हा पगार तिथूनच येत होता.

आता शोरूमची बाजू, कारण तीही खोटी नाही. ही गाडी त्यांना फुकट पडत नाही. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षात सर्वांत वेगानं घसरते. बदली म्हणून वापरलेली गाडी काही महिन्यांनी जुनी म्हणूनच विकावी लागते. विमा सगळ्यांत जड, कारण विमा कंपनीला माहीत असतं की रोज वेगळा, गाडीशी अनोळखी माणूस ती चालवणार आहे. गाडी परत आली की धुणं, तपासणं, इंधन बघणं, कागद करणं, यात एका माणसाचा अर्धा दिवस जातो. दंडाच्या पावत्या काही आठवड्यांनी येतात आणि त्या दिवशी गाडी कुणाकडे होती हे रजिस्टरमध्ये शोधत बसावं लागतं. आणि चाकं! अलॉय व्हील फुटपाथला घासून आणणाऱ्यांपैकी एकानंही कधी आपणहून सांगितलं नाही. सगळे म्हणायचे, "आधीच होतं." काही वेळा खरंच आधीच असायचं, ही गोष्ट वेगळी.

हा खर्च कुठून तरी वसूल होतोच. मागची दोन वर्षं तुम्हाला ती फुकट मिळाली तेव्हा तो मजुरीच्या दरात मुरलेला होता, म्हणजे चालत किंवा बसनं येणारं गिऱ्हाईकही तुमच्या गाडीचे पैसे भरत होतं. त्यापेक्षा जो वापरतो त्यानं द्यावं, हे मला जास्त सरळ वाटतं. फक्त मग मजुरीचा दर त्या प्रमाणात खाली यायला हवा होता. तो आला का, हे मागच्या वर्षीचं बिल शेजारी ठेवून बघा. माझा अंदाज तुम्ही ओळखला असेलच.

पण पैसे घेतले की सगळं नातंच पालटतं, आणि हा मुद्दा गिऱ्हाईक कधीच वापरत नाही. फुकट वापरायला दिलेली वस्तू आणि भाड्यानं दिलेली वस्तू यांत कायद्यानं फार पूर्वीपासून फरक केला आहे. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहानं संकलित करवलेल्या रोमन कायद्यात यासाठी गळक्या भांड्याचं उदाहरण सापडतं. एखाद्यानं भांडं उसनं दिलं, ते खराब निघालं आणि आतला माल वाया गेला, तर देणारा तेव्हाच जबाबदार जेव्हा त्याला ते खराब असल्याचं आधीच माहीत होतं. पण तेच भांडं भाड्यानं दिलं असेल आणि आतली दारू गळून गेली, तर "मला ठाऊक नव्हतं" ही सबब चालत नाही. मोबदला घेतला म्हणजे वस्तू कामाची आहे याची हमी आली. उलट, फुकट उसनं घेणाऱ्यावर जपण्याची जबाबदारी सगळ्यात मोठी, कारण फायदा एकट्या त्याचाच.

आजचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, पण हा विचार बऱ्याच ठिकाणी तसाच उतरला आहे. पुष्कळ देशांत भाड्यानं द्यायच्या गाडीची नोंदणी आणि विमा खासगी गाडीपेक्षा निराळा असतो. म्हणून बिलातली ती ओळ वाचून शोरूमला शांतपणे एकच विचारा: "हे पैसे कशाचे आहेत, विम्याचे की भाड्याचे?" विम्याचे म्हणाले तर पॉलिसीत तुमच्यासारख्या चालकाला संरक्षण होतं हे दाखवायला सांगा. भाड्याचे म्हणाले तर भाडेकरू म्हणून बोला: टायर गुळगुळीत का होते, टाकी रिकामी का होती, मुलांची सीट का नव्हती. मी काउंटरवर होतो तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला असता तर मला उत्तर देता आलं नसतं. आम्ही त्या ओळीला नुसतं 'चार्ज' म्हणायचो.

काही प्रसंगी मात्र एक पैसाही देऊ नका. काम वॉरंटीचं असेल तर आधी विचारा की बदली गाडीचा खर्च कंपनी शोरूमला देते का. काही कंपन्या ठरावीक वेळेपेक्षा लांबलेल्या वॉरंटीच्या कामात तो देतात, आणि मग तुमच्याकडूनही घेणं म्हणजे एकाच गाडीचं भाडं दोनदा घेणं. रिकॉलमध्ये, म्हणजे कंपनी स्वतःच गाड्या दुरुस्तीला परत बोलावते तेव्हा, तर दोष सरळ कंपनीचाच. २०१४ साली जनरल मोटर्सनं इग्निशन स्विचमधल्या दोषापायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, तेव्हा सुटे भाग येईपर्यंत वाट पाहणाऱ्या मालकांना कंपनीच्या खर्चानं बदली गाड्या देण्यात आल्या. त्याहून जुना किस्सा लेक्ससचा, म्हणजे टोयोटाच्या महागड्या गाड्यांच्या ब्रँडचा. ब्रँड बाजारात आल्याला काही महिनेच झाले होते. डिसेंबर १९८९ मध्ये दोन तक्रारींवरून त्यांनी विकलेल्या सगळ्या, म्हणजे सुमारे ८,००० एलएस ४०० गाड्या परत बोलावल्या, माणसं पाठवून मालकांकडून नेल्या, दुरुस्त केल्या आणि पोचवल्या. लांबच्या मालकांसाठी तंत्रज्ञ विमानानं पाठवले, भाड्यानं गॅरेजं घेतली. वीस दिवसांत काम संपवलं. नव्या ब्रँडचं नाव याच प्रकरणानं झालं असं आजही मानलं जातं. आमच्या प्रशिक्षणात ही गोष्ट दरवर्षी सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी आम्ही काउंटरवर बसून 'कर्टसी कार, १ दिवस' टाइप करायचो.

आणि तिसरा प्रसंग: त्यांच्याच चुकीमुळे गाडी पुन्हा आणावी लागली तर. यातली फजिती माझी आहे. एक वयस्कर गृहस्थ एसीच्या एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आले होते. सिस्टिममध्ये बदली गाडीचा चार्ज आपोआप यायचा आणि मीही न बघता बिल काढलं. ते काहीच बोलले नाहीत. पिशवीतून तीन जॉब कार्डं, म्हणजे प्रत्येक वेळच्या कामाच्या नोंदीचे कागद, काढून एकाखाली एक माझ्यासमोर लावली, चष्मा काढला आणि पुसत बसले. तिन्हींवर सही माझीच होती. मी ओळ काढली, मॅनेजरला न विचारता. त्यानंतर तो नियमच केला: गाडी परत आली की आधी जुनं जॉब कार्ड उघडायचं.

तुमच्या बाबतीत आता काय करता येईल? बुकिंगचा मेसेज, ईमेल आणि सकाळी सही केलेला कागद काढा. त्यावर बदली गाडीचा दर लिहिलेला असेल तर पैसे परत मिळणं अवघड. लहान अक्षरांत असला तरी तुमची सही आहे. कुठंच नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. अ‍ॅडव्हायझरशी वाद घालू नका; त्याच्या हातात फारसं काही नसतं आणि तो रोज अशा पाच जणांचं ऐकत असतो. सर्व्हिस मॅनेजरला चार ओळी लिहा: दर आधी सांगितला नव्हता, मागच्या दोन वर्षी घेतला नव्हता, रक्कम परत करा किंवा पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये वळती करा. वळती करायला ते जवळजवळ नेहमी तयार होतात, कारण तुम्ही पुन्हा येणार याची ती खात्री असते. मला विचाराल तर रोख परतच मागा.

पुढच्या वेळी बुकिंग करतानाच म्हणा, "मला सकाळची पहिली वेळ द्या, मी थांबून गाडी घेऊन जाणार आहे." बऱ्याच वर्कशॉपमध्ये अशा थांबणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी दिवसाला थोड्या जागा ठेवलेल्या असतात, पण त्या मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. नाहीतर घरून गाडी नेणं-आणणं ते करतात का विचारा. किंवा सरळ टॅक्सीच्या दोन खेपांचा हिशेब करा. बदली गाडीच्या चार्जमध्ये तुम्ही भरलेलं इंधन आणि ओरखड्याचा धोका मिळवला तर टॅक्सी पुष्कळदा स्वस्त पडते, आणि पार्किंगही शोधावं लागत नाही.

तरीही बदली गाडी घ्यावीच लागली तर सही करण्याआधी कागदावर दोन गोष्टी बघा. अपघात झाला तर विमा सुरू होण्याआधी तुमच्या खिशातून किती रक्कम जाणार; ती कधीकधी अख्ख्या सर्व्हिसिंगच्या बिलापेक्षा मोठी असते. आणि कामाला उशीर त्यांच्यामुळे झाला तर दुसऱ्या दिवसाचा चार्ज लागतो का. लागत असेल तर ती अट हातानं खोडून दोघांच्या सह्या घ्या. मग गाडीभोवती एक फेरी मारून मोबाईलवर व्हिडिओ काढा. चारही चाकांशी वाकून काढा, आणि शेवटी इंधनाचा काटा व किलोमीटरचा आकडा. अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवली असेल तर ती किती दिवसांत सुटणार ते लिहून घ्या.

परत देताना गाडीच्या स्क्रीनवरून तुमचा फोन काढून टाका. मी संध्याकाळी गाड्या आत घेताना यादीत पाच-सहा अनोळखी लोकांचे फोन जोडलेले दिसायचे, नावानिशी, कधी अख्ख्या संपर्कयादीसकट. नकाशात 'घर' दाबलं की कुणाच्या तरी दाराशी नेणारा रस्ता तयार असायचा.