वाचकांचे प्रश्न : पाळण्याची जागा आणि घराण्याचा मान

प्रश्न : आमच्या गावच्या यात्रेत दरवर्षी एकच कुटुंब त्याच जागी पाळणा उभारते. इंग्लंडमध्येही हा व्यवसाय पिढीजात चालवणारी घराणी आहेत, असे ऐकले. त्यांची माहिती द्याल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : त्या घराण्यांपैकी मिडलँड्समधील कॉलिन्स घराण्याची हकिकत आवर्जून सांगावीशी वाटते. पॅट कॉलिन्स यांचा जन्म १८५९ मध्ये चेशर परगण्यात, जत्रांवर पोट असलेल्या कुटुंबातच झाला. पुढे वॉल्सॉलजवळच्या ब्लॉक्सविच येथे त्यांनी कायमचे ठाणे केले आणि तेथून गावोगावच्या जत्रांना त्यांचे खेळ जाऊ लागले.

त्या काळी जत्रेचे रूप वाफेने पालटले होते. किंग्ज लिन गावच्या फ्रेडरिक सॅव्हेज यांच्या कारखान्यात वाफेवर फिरणारे लाकडी घोड्यांचे चक्र तयार होत असे. घोड्यांच्या मानेवर त्यांची नावे रंगवलेली असत आणि चक्र फिरू लागले की ते वरखाली होत. खेळाचे सामान ओढून आणणारे इंजिनही विलक्षण होते. दिवसा ते गाड्यांची माळ ओढी आणि संध्याकाळी जागेवर उभे राहून, पुढच्या बाजूला बसवलेल्या डायनॅमोवर सगळा खेळ उजळून टाकी.

मात्र माझ्या मते या घराण्यांची खरी मिळकत यंत्रांपेक्षा जागेत होती. एखाद्या जत्रेत वर्षानुवर्षे खेळ लावणाऱ्याचा त्या जागेवर हक्क मानला जातो आणि तो मुलाबाळांकडे जातो. आपल्याकडे पालखीचा मान घराण्यात चालतो, त्याच्याशी याचे बरेच साम्य आहे. हा हक्क सांभाळते ती ‘शोमेन्स गिल्ड’ ही त्यांची संघटना. चाकांवरच्या बिऱ्हाडांची नोंदणी आणि तपासणी सक्तीची करू पाहणारे विधेयक पुढे आले, तेव्हा त्याला विरोध करण्यासाठी १८८९ मध्ये फिरस्ती कुटुंबे एकत्र आली आणि त्यांतूनच ही संघटना उभी राहिली. कॉलिन्स अनेक वर्षे तिचे अध्यक्ष होते. ज्यांच्या घरांवर सरकार संशयाने पाहत होते, त्या समाजातला हा माणूस १९२२ मध्ये लिबरल पक्षातर्फे वॉल्सॉलचा खासदार झाला आणि पुढे त्या गावाचा महापौरही झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९४३ मध्ये ते वारले आणि मुलाने व्यवसाय पुढे चालवला.

हा इतिहास आज सविस्तर उपलब्ध आहे, कारण शेफील्ड विद्यापीठात १९९४ पासून जत्रा व्यवसायाचे स्वतंत्र दफ्तर आहे आणि ते उभारणाऱ्या व्हेनेसा टूलमिन स्वतः खेळवाल्या घराण्यातल्या आहेत. कुटुंबांकडची छायाचित्रे आणि जाहिराती तेथे जपल्या आहेत. आपल्या गावी येणाऱ्या कुटुंबाला पहिला पाळणा कोणी आणला, तो हाताने फिरवत की इंजिनावर, हे पुढच्या यात्रेत अवश्य विचारावे आणि त्यांची उत्तरे आमच्याकडे लिहून पाठवावीत.