वाचकांचे प्रश्न : चित्रकाराची नवी खोली

स्टुडिओसाठी जागा घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या चित्रकारांच्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : पुण्यात तिसऱ्या मजल्यावर १२ × १५ फुटांची खोली भाड्याने घेतली आहे. खिडकी उत्तरेला आहे, त्यामुळे उजेडाची चिंता नको असे सगळे सांगतात. तैलरंगात ३ × ४ फुटांपर्यंतची कामे करते. ईझल (चित्र टेकवायची घोडी) कुठे मांडू आणि दिवे कोणते लावू?

उत्तरेची खिडकी मिळाली हे चांगलेच झाले. पण उत्तरेकडून ऊन येत नाही, हा नियम युरोपातला. पुणे साधारण १८.५ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य इथे दिवसभर उत्तरेच्या अंगालाच असतो. मार्चअखेर ते सप्टेंबर या काळात तो पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो. दुपारचे ऊन छज्जा अडवतो, सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मात्र छज्ज्याखालून आत शिरते. त्यासाठी खिडकीला पांढऱ्या मलमलीचा एकेरी पडदा लावा. तो क्रीम रंगाचा नको, नाहीतर सगळा उजेड पिवळसर होऊन येईल.

समोरच्या इमारतीचा रंगही बघा. ती पिवळी किंवा गुलाबी असेल तर तिच्यावरून परतलेला उजेड तुमच्या कॅनव्हासवर तोच रंग चढवतो. पांढरे कार्ड मधोमध दुमडून ईझलच्या जागी उभे करा आणि सकाळी ९, दुपारी १ आणि ४ वाजता पाहा. कार्डाच्या दोन बाजूंपैकी एक पिवळट आणि दुसरी निळसर दिसली, तर वेगवेगळ्या रंगाचे दोन उजेड मिसळत आहेत. खोलीच्या भिंती फिक्या राखाडी किंवा साध्या पांढऱ्या ठेवा. घरमालकाने दिलेली हिरवट डिस्टेंपरची भिंत सामान आणण्याआधीच रंगवून घ्या, नंतर ते होत नाही.

उजव्या हाताने काम करत असाल तर खिडकी डावीकडे येईल असे ईझल मांडा, म्हणजे हाताची सावली ब्रशच्या टोकावर पडणार नाही. खिडकीचा खालचा अर्धा भाग राखाडी पुठ्ठ्याने झाका. उजेड वरून, साधारण ४५ अंशांनी आला की ओल्या तैलरंगावरची चमक कमी होते. तरीही वरचा भाग चमकत असेल तर ईझलचा माथा जरा पुढे झुकवा.

४ फुटांचे चित्र नीट जोखायला १० ते १२ फूट मागे सरकता यायला हवे. म्हणून ईझल खोलीच्या १५ फुटांच्या एका टोकाला ठेवा आणि मधली जागा रिकामी राखा. समोरच्या टोकाच्या भिंतीवर मोठा आरसा लावला तर अंतर दुप्पट होते आणि उलटे दिसणारे चित्र चुका पटकन दाखवते. आमच्या मते टेबल-खुर्चीआधी आरशावर खर्च करावा.

दिव्यांच्या पाकिटावर दोन गोष्टी वाचा : ५००० केल्विन (उजेड पिवळट की निळसर याचे माप) आणि सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा, ९० किंवा जास्त. बाजारातल्या नेहमीच्या ट्यूबवर ६५०० केल्विन असते आणि सीआरआय साधारण ८०. तिच्याखाली लाल रंग मेल्यासारखा दिसतो, मग आपण तो नकळत जास्त भडक लावतो आणि दिवसा चित्र बघितल्यावर अंगावर येते. ४ फुटी, २० वॅटच्या चार ट्यूब पुरतील. दोन ईझलसाठी छतावर, कॅनव्हासपासून साडेचार फूट पुढे, आणि दोन उरलेल्या खोलीसाठी. चारही एकाच जातीच्या असू द्या. पॅलेटवर एक उजेड आणि कॅनव्हासवर दुसरा असेल तर मिसळलेला रंग लावताक्षणी बदललेला वाटतो.

प्रश्न : चिपळूणला मेमध्ये जागा बदलतो आहे. चाळीसेक चित्रे टेम्पोने न्यायची आहेत, आणि लगेच पावसाळा. काय सांभाळू?

ॲक्रिलिकची चित्रे आधी सांभाळा. ॲक्रिलिकचा थर उन्हाळ्यात मऊ पडतो आणि प्लास्टिकला चिकटतो. दोन चित्रे तोंडाला तोंड लावून तर अजिबात ठेवू नका. प्रत्येकावर आधी सिलिकॉन लावलेला बेकिंग पेपर आणि त्यावर पुठ्ठा. बबल रॅप त्याच्याही बाहेर, फुगे बाहेरच्या बाजूला करून. फुगे रंगाला टेकले तर गोल गोल ठसे उठतात, ते निघत नाहीत. तैलरंग बोटाला कोरडा लागला तरी आतून वाळायला सहा महिने ते वर्ष जाते. तीन-चार महिन्यांच्या आतले काम कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण लावून, पृष्ठभागाला काहीही न टेकवता न्या. टेम्पोत सगळी चित्रे उभी, प्रवासाच्या दिशेला समांतर, दोरीने बांधलेली. सकाळी लवकर निघा. दुपारी बंद टेम्पोचा डबा भट्टी होतो.

कॅनव्हास गुंडाळावाच लागला तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, निदान ६ इंच व्यासाच्या नळीवर.

नव्या जागेत चित्रे जमिनीपासून ४ इंच वर, लाकडी पट्ट्यांच्या मांडणीवर ठेवा. मागच्या भिंतीपासूनही ३-४ इंच अंतर सोडा. पावसाचा मारा बसणाऱ्या पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला काहीच टेकवू नका. बुरशी तिथूनच सुरू होते आणि सरसाचा थर दिलेल्या कॅनव्हासवर ती आधी धरते. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले चित्र आतल्या दमटपणात कुजते; जुनी सुती चादर बरी. पावसात कॅनव्हास सैल पडला तर लगेच चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी ठोकून ताणू नका. हवा कोरडी झाली की तो पुन्हा ओढ घेतो, आणि आधीच ताणलेला असेल तर कोपऱ्यांपाशी रंगाला तडे जातात.

नवी तैलचित्रे महिनोन्महिने अंधारात तोंड भिंतीकडे करून ठेवली तर जवसाचे तेल पिवळे पडते. घाबरू नका, काही आठवडे उजेडात ठेवली की बरेचसे परत येते. थेट ऊन मात्र नको.

प्रश्न : नाशिकला घराच्याच एका खोलीत स्टुडिओ करतो आहे. घरात लहान मूल आहे. टर्पेंटाइनचा वास जावा म्हणून छताजवळ एक्झॉस्ट बसवला, तरी वास राहतो.

टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. पंखा खिडकीच्या खालच्या तावदानात, टेबलाच्या उंचीवर बसवा, आणि समोरच्या बाजूने ताजी हवा यायला वाट ठेवा. ती वाट म्हणजे घरातला दरवाजा नव्हे, दुसरी खिडकी. टर्पेंटाइनच्या भांड्याला झाकण हवे. वास नसलेल्या सॉल्व्हंटचीही (रंग पातळ करायच्या द्रवाचीही) वाफ होतेच, म्हणून त्याने निर्धास्त होऊ नका. मूल घरात आहे तर टर्पेंटाइन बंदच करा असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ब्रश वर्तमानपत्रावर पुसा, साध्या सूर्यफूल तेलात घोळवा, पुन्हा पुसा, मग अंगाच्या साबणाने धुवा. थोडा वेळ जास्त लागतो, ब्रश मात्र तितकाच स्वच्छ होतो.

तुम्ही रंग-तेल पुसायच्या चिंध्यांबद्दल विचारले नाही, पण धोका वासापेक्षा त्यांचा मोठा आहे. जवसाचे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेते आणि त्यात उष्णता तयार होते. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून डब्यात टाकला तर ती उष्णता आतच कोंडते आणि काही तासांत ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतो. काम संपले की चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा, किंवा अंगणात दोरीवर एकेक सुटी करून कडक वाळू द्या. रात्रभर खोलीत ठेवू नका.

प्रश्न : डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये ॲक्रिलिकचे ब्रश बेसिनमध्ये धुते. पाइप दोनदा तुंबला.

ॲक्रिलिक आणि जेसो (रंगाआधी कॅनव्हासवर द्यायचा पांढरा थर) पाइपात वाळून प्लास्टिकचा थर धरतात. दोन बादल्या ठेवा. पहिलीत रंग काढायचा, दुसरीत खळबळायचे. पहिलीतल्या पाण्यात तुरटी फिरवून रात्रभर ठेवा, सकाळी वरचे निवळलेले पाणी ओता. तळाचा गाळ वर्तमानपत्रावर वाळवून सुक्या कचऱ्यात टाका.