समोरच्याचं वाक्य खाऊ नका

या वेळच्या पत्रांत रोलप्लेवरचीच, म्हणजे ऑनलाइन खेळात आपल्या पात्राच्या भूमिकेत शिरून बोलण्या-वागण्यावरचीच, निम्म्याहून जास्त निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: गेली अकरा वर्षं मी एका काल्पनिक शहराच्या पुलावर पहारा करते. म्हणजे माझं पात्र करतं. म्हातारा आहे, गुडघे दुखतात, उजव्या कानानं ऐकू येत नाही, आणि भाल्यापेक्षा कंदील सांभाळण्यात जास्त तरबेज. त्याची लेव्हल अजून वरच्या टोकाला पोहोचलेली नाही. माझे सोबती यावरून टोमणे मारतात, मारोत.

ताई, मी माझ्या एल्फची (परीकथेतला टोकदार कानांचा माणूस म्हणा) चौदा पानांची पूर्वकथा लिहिली आहे. नष्ट झालेल्या राजघराण्याचा तो शेवटचा वारस. आईवडिलांना ड्रॅगननं मारलं, डोळे चंदेरी, कुणावर विश्वास ठेवत नाही. रोज त्याला खानावळीच्या कोपऱ्यात नेऊन बसवतो. आठ दिवस झाले, एकही माणूस बोलायला आला नाही. इथले लोक तुटक आहेत की माझं काही चुकतंय?
— कोपऱ्यातला एल्फ

आधी बाकीच्या तीन कोपऱ्यांत कोण बसलंय ते बघून घ्या. माझ्या अंदाजानं तिथेही प्रत्येकी एक शेवटचा वारस असेल, आणि तोही कुणावर विश्वास ठेवत नसेल.

चौदा पानं तुम्ही वाचली आहेत, खानावळीतल्यांनी नाही. त्यांना दिसतो तो टोपी पुढे ओढून गप्प बसलेला एक माणूस. अशाशी बोलायचं म्हणजे विषय दुसऱ्यानं काढायचा, प्रश्न दुसऱ्यानं विचारायचे, आणि एवढं करून तुमचा एल्फ ‘मला एकटं राहू द्या’ म्हणणार. त्या पाहुण्याला काय पडलीय? तोही दिवसभराचं काम उरकून तासभर खेळायला आलेला असतो.

पूर्वकथा फाडू नका. तिच्यातून आज संध्याकाळपुरती एक गरज काढा, क्षुल्लक चालेल. बुटाचा तळ सुटलाय. हातात एक चिठ्ठी आहे, ती ड्वार्फांच्या, म्हणजे खेळातल्या बुटक्या जमातीच्या, लिपीत आहे आणि एल्फला ती वाचता येत नाही. उद्या उत्तरेच्या वाटेनं जायचंय, पण तिकडचा माणूस ओळखीचा नाही. चिठ्ठी हातात धरून एल्फ उभा राहिला की जवळच्या ड्वार्फला एकदम काम मिळतं. तो खरं वाचेल, खोटं वाचेल, वाचायचे पैसे मागेल. ड्रॅगन, राजघराणं, चंदेरी डोळे हे सगळं मग हळूहळू, कुणी विचारलं तर, बाहेर येऊ दे. चौदा पानांतली दोन पानं तीन वर्षांत बाहेर आली तरी पुष्कळ.

माझ्या पहारेकऱ्याचा बहिरेपणा कसा आला ते सांगते, कारण त्यात माझी काही हुशारी नव्हती. माझं टायपिंग मंद होतं. लोक माझ्या उत्तराची वाट पाहून निघून जायचे. एके रात्री वैतागून मी लिहिलं, ‘म्हातारा कानामागे हात नेतो. काय म्हणालात?’ झालं, समोरचा थांबला. तेवढ्यात मला वेळ मिळाला. पण खरी गंमत पुढेच. एक चोरटा व्यापारी पोतं घेऊन पुलावर आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, पोत्यात काही नाही. मला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. शेवटी बिचाऱ्याला ‘पोत्यात काही नाही!’ असं सगळ्या पुलाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडावं लागलं, आणि मागे उभे असलेले चार अनोळखी खेळाडू आपोआप आमच्या प्रवेशात आले. तेव्हापासून मी एक नियम पाळते: म्हातारा ऐकायला चुकतो ते फक्त समोरच्याला त्यातून काहीतरी मिळणार असेल तेव्हा. उगाच प्रत्येक वाक्याला ‘काय?’ केलं तर लोक पूल टाळतील, आणि बरोबरच करतील.

थोडक्यात, पात्राचं बळ सगळेच सांगतात. उणीव सांगा. उणीव म्हणजे दुसऱ्याला आत यायला ठेवलेलं दार.

अजिंक्य पात्रांचं काय होतं ते एका राजानं दाखवून दिलंय. 1997 च्या ऑगस्टमध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ची चाचणी चालू असताना खेळाचे कर्ते रिचर्ड गॅरियट स्वतः ‘लॉर्ड ब्रिटिश’ या राजाच्या रूपात प्रजेपुढे आले होते. राजाला मरण नाही अशी सोय होती, पण त्या दिवशी ती चालू करायची राहून गेली. गर्दीतल्या एका खेळाडूनं आगीचा मंत्र टाकला आणि महाराज सगळ्यांदेखत कोसळले. इतक्या वर्षांनी खेळाडू त्या राजाची कोणती गोष्ट सांगतात? हीच.

जाता जाता: ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये असाल तर ‘टोटल आरपी 3’सारख्या, खेळाला वरून जोडायच्या, अ‍ॅडऑनमध्ये पात्राचं वर्णन लिहिता येतं. तिथे इतिहास ओतू नका. परक्या माणसाला दहा पावलांवरून जे दिसेल, ऐकू येईल, ज्याचा वास येईल तेवढंच लिहा. ‘त्याच्या मनात सूडाची आग आहे’ हे दहा पावलांवरून दिसत नाही. जळकी बाही दिसते.

द्वंद्वात समोरचा कधी वार लागूच देत नाही. मी काहीही लिहिलं तरी ‘तो सहज चुकवतो’. मी मग वाक्यच असं लिहायला लागलो की ‘माझी तलवार त्याच्या खांद्यात घुसते’. आता तो म्हणतो मीच गॉडमोडिंग करतो, म्हणजे त्याच्या पात्राचं काय होतं तेही मीच ठरवतो. चूक कुणाची?
— चिडलेला योद्धा

दोघांची. पण तुमची मला जास्त जवळची वाटते, कारण ती मी स्वतः केली आहे.

खेळायला लागून महिना झाला असेल. एक वैद्यीण रात्री पुलावरून जायला निघाली. मी रंगात येऊन लिहिलं, ‘पहारेकरी भाला आडवा घालतो. ती दचकून मागे सरते, तिच्या हातातली पिशवी पडते.’ मला वाटलं, काय झकास चित्र उभं केलं! पलीकडून दुहेरी कंसात, म्हणजे पात्राबाहेरून, एक ओळ आली: ((दचकायचं की नाही ते मला ठरवू द्याल का?)) कान लाल झाले माझे. खेळातले नव्हे, खरे.

नाटकात दुसऱ्या नटाचं वाक्य खाणाऱ्याला कुणी चांगला नट म्हणत नाही. इथे तर आपण समोरच्याचं वाक्य, हालचाल, भीती सगळंच खातो. वार लिहा, जखम लिहू नका. ‘खांद्याच्या रोखानं तलवार चालवतो’ इथे थांबा. पुढचं त्याचं.

आता त्याची चूक. दहापैकी दहा वार चुकवणारा लढत नसतो, तुम्हाला ताटकळत ठेवत असतो. अशा माणसाशी आधीच पात्राबाहेर ठरवून घ्या: पुष्कळ खेळांत 1 ते 100 मधला आकडा टाकायची सोय असते, ज्याचा मोठा त्याचा वार लागला. किंवा कोण हरणार तेच ठरवा आणि कसं हरायचं ते रंगवा. मला हा दुसरा प्रकार आवडतो. ठरवून हरलेली लढाई खेळताना माणूस जास्त मोकळा होतो. दोन्हीला तो नाही म्हणाला, तर त्याच्याशी लढूच नका, खेळात माणसं पुष्कळ आहेत.

समोरच्या पात्राच्या डोक्यावर नाव दिसतं. ते वाचून नावानं हाक मारली तर एकजण रागावला. का?

नाव तुम्हाला दिसतं, तुमच्या पात्राला नाही. ‘आपलं नाव?’ असं विचारा, तेवढाच एक संवाद पदरात पडतो. आणि तो खोटं नाव सांगेल तर आणखीच छान.

माझी गिल्ड, म्हणजे खेळातली आमची टोळी, फक्त लुटीसाठी खेळते. मी पात्रात बोलायला लागले की हसतात. मी त्यांना कसं पटवू?
— एकटी चेटकीण

पटवू नका. रिचर्ड बार्टल म्हणून एक आहेत. 1978 मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी एसेक्स विद्यापीठात ‘मड’ नावाचा निव्वळ अक्षरांवर चालणारा खेळ सुरू केला, त्यात हे बार्टल सामील झाले. 1996 च्या एका लेखात त्यांनी खेळाडूंचे चार प्रकार मांडले: मिळवणारे, धुंडाळणारे, मिसळणारे आणि मारणारे. रोलप्ले त्यांनी मिसळणाऱ्यांच्या खात्यात टाकला. मला ते पूर्ण पटत नाही, कारण माझ्या ओळखीचे काही उत्तम रोलप्लेअर अत्यंत अबोल आहेत. पण एवढं खरं की मिळवणाऱ्याला मिसळायला लावलं की दोघंही कंटाळतात. लूटीसाठी ही गिल्ड ठेवा, बोलण्यासाठी रोलप्ले सर्व्हरवर, म्हणजे पात्रात बोलणाऱ्यांसाठी राखलेल्या जागी, दुसरी शोधा. दोन घरं असली म्हणून बिघडत नाही.

मी खलनायिका खेळते. हल्ली लोक मलाही तशीच समजायला लागलेत. खाजगी संदेशांतसुद्धा फटकून वागतात.
— विषकन्या

प्रवेश संपला की कंसात दोन शब्द बोलता का? ‘मजा आली’, ‘जास्त झालं नाही ना?’ बहुतेकांचा गैरसमज एवढ्यानं निवळतो. छळ, कैद, विष असलं काही करण्याआधी मात्र नंतर नव्हे, आधीच विचारायचं, आणि ‘नको’ आलं की कारण न मागता पडदा पाडायचा. दुसरं एक विचारते, रागावू नका: तुमची विषकन्या कधी हरते का? खलनायकाला शेवटी हरायचंच असतं, त्याचा तो पगार आहे. सतत जिंकणारी खलनायिका पात्र राहत नाही, दहशत होते. मग लोक पात्रावर नाही, तुमच्यावर चिडतात.

आम्ही पाचजण डिस्कॉर्डवर, म्हणजे गप्पांच्या अॅपवर, मराठीत रोलप्ले करतो. पण सगळी पात्रं ‘हे राजन्, आज्ञा असावी’ असंच बोलतात. साधं बोललं की फँटसी वाटत नाही आणि असं बोललं की हसू येतं. मार्ग काय?
— पाचांतला एक

हे पत्र वाचून मी खुर्चीतच सावरून बसले. या प्रश्नाची मी कधीची वाट पाहत होते.

‘राजन्’ची भाषा एखाद्याच पात्राला द्या, म्हणजे ती त्याची खोड होईल. दरबारी पुजारी असेल तो, किंवा दरबारी दिसायची हौस असलेला सुतार. बाकीच्यांना साधी मराठी, पण प्रत्येकाची वेगळी. एकजण वाक्य पुरं करत नाही. एकजण सगळं मापात सांगतो, ‘दोन भाले उंच’, ‘अर्ध्या मेणबत्तीचा वेळ’. एकीच्या तोंडी शिव्या, पण सगळ्या हवामानाला. जुनाट शब्द घालून काळ उभा राहत नाही. पात्राच्या तोंडी त्याच्या जगातल्या वस्तू आल्या की राहतो.

आणि आपल्याकडे तर बसल्या जागी एक हत्यार पडून आहे: तू, तुम्ही, आपण. तुमचा एल्फ सगळ्यांना ‘आपण’ म्हणू दे, घोड्यालासुद्धा, आणि फक्त राजाला ‘तू’. दरबार चपापेल, कुणीतरी विचारेलच की असं का, आणि तिथून गोष्ट सुरू. किंवा भाडोत्री सैनिक पैसे मिळेपर्यंत ‘तुम्ही’ आणि मिळाल्यावर ‘तू’. एक शब्द बदलला की नातं बदललेलं सगळ्यांना कळतं, वर्णनाची एक ओळसुद्धा खर्ची पडत नाही. फक्त हे घाईनं वापरू नका, साठवून ठेवा.

ती वैद्यीण, जिनं मला कंसात झापलं होतं, तिच्याशी पुढे माझी चांगली गट्टी जमली. तेव्हापासून आम्ही मराठीतच लिहितो. आठ वर्षं म्हातारा तिला ‘वैद्यीणबाई, तुम्ही’ म्हणत आला. कंदिलात तेल घालताना, गुडघ्याला लेप लावून घेताना, भांडतानासुद्धा. मग शहराला वेढा पडल्याचा एक प्रसंग आम्ही रचला. पूल तोडायचा होता आणि कुणीतरी अलीकडे थांबायला हवं होतं. ती औषधांची पेटी उघडून तिथेच बसली, जाईना. मी टाइप केलं: ‘पोरी, ऊठ. जा तू.’

पलीकडून बराच वेळ काहीच आलं नाही. मग कंसात आलं: ((थांबा. मला दोन मिनिटं द्या.))