सही करताना ‘जनरल चेकअप’ वाचलं होतं का?

नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका वाचकांनी दसऱ्याला नवीकोरी स्पोर्ट्स कार घेतली. किंमत 86 लाख. मॉडेल बाजारात येऊन वर्षही झालेलं नाही. दिवाळीपासून दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना गाडी झटका मारते. एकदा वर्धा रोडवर गिअरबॉक्स गरम झाल्याचा इशारा आला आणि गाडी अक्षरशः रांगत घरी आणावी लागली. सर्व्हिस सेंटरच्या तीन चकरा झाल्या. तिकडे मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुजबुज सुरू आहे की या मॉडेलचे गिअरबॉक्स 5,000 किलोमीटरच्या आत बसतात आणि कंपनी गुपचूप बदलून देते. वाचक विचारतात, एवढ्यावर गाडी परत करता येईल का? आणि ‘पेपरात देऊ का?’

अशी पत्रं हल्ली बरीच येतात. कुणाची एसयूव्ही असते, कुणाची इलेक्ट्रिक स्कूटर. त्यामुळे ग्राहक म्हणजे कोण आणि ग्राहक आयोग म्हणजे काय, हे पुन्हा उगाळत नाही.

पत्रासोबत जॉब कार्डांचे, म्हणजे सर्व्हिस सेंटरने तक्रार आणि काम नोंदवलेल्या कागदांचे, फोटो पाठवलेत, तेवढं एक बरं केलं. पहिल्या कार्डावर ‘कस्टमर व्हॉइस’च्या, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीच्या, रकान्यात लिहिलंय ‘जनरल चेकअप, वॉशिंग’. खाली ‘चेक्ड, फाउंड ओके’. आणि त्याखाली तुमची सही, निळ्या शाईत, चांगली ठसठशीत. दुसऱ्या कार्डावर ‘सॉफ्टवेअर अपडेट’. कशासाठी, त्याचा पत्ता नाही. तिसऱ्या खेपेला कार्डच नाही, कारण मॅनेजर ओळखीचा! ‘टेन्शन काहून घेता साहेब, नवीन सॉफ्टवेअर येऊन राहिलं,’ एवढं ऐकून तुम्ही संध्याकाळी गाडी घेऊन घरी आलात.

भाऊ, तुमची केस त्या रकान्यात अडकली आहे. ग्रुपवरच्या दोनशे मेसेजमध्ये ती नाही. उद्या कंपनीचा वकील हेच दोन कागद दाखल करेल आणि म्हणेल, ग्राहकाने गिअरबॉक्सची तक्रार कधी केलीच नाही, गाडी धुवायला आणली होती. मग तुम्ही शपथपत्रावर सांगाल की मी तोंडी सांगितलं होतं. सही केलेल्या कागदापुढे तोंडी सांगितलेलं किती टिकतं, हे 86 लाखांचा चेक फाडणाऱ्या माणसाला मी समजावून सांगायचं का?

तेव्हा आज रात्रीच ईमेल करा. तिन्ही भेटींच्या तारखा, त्या-त्या वेळचं मीटर रीडिंग आणि तुम्ही काय सांगितलं होतं ते लिहा. ‘झटका मारते’ एवढ्यावर थांबू नका. किती मिनिटं चालवल्यावर, किती वेगाला, एसी चालू असताना की बंद, ऊन होतं की रात्र, हे सगळं आलं पाहिजे. मग तीन मागण्या करा : मूळ तक्रार आता नोंदवून घ्या, तिसऱ्या भेटीचं कार्ड द्या, आणि स्कॅनर लावला तेव्हा दिसलेल्या फॉल्ट कोडची (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडाच्या क्रमांकांची) प्रिंट द्या. विशेषणं नकोत, ‘फसवणूक’ हा शब्द तर नकोच. उत्तर आलं नाही तरी हरकत नाही, त्यांचं गप्प बसणंही आपल्याला दाखवता येतं.

मेल डीलरला आणि उत्पादक कंपनीला, दोघांनाही एकत्रच जाऊ द्या. 2021 मध्ये टाटा मोटर्सच्या गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डीलरने परस्पर केलेल्या गोष्टीची कंपनीला माहितीच नसेल, तर ती कंपनीच्या गळ्यात आपोआप पडत नाही. तुमचा ओळखीचा मॅनेजर हा डीलरचा माणूस. त्याच्या कानात सांगितलेलं कंपनीच्या कानावर गेलं, असं कायदा धरून चालत नाही.

आणि हो, उद्या फोन आला की ‘गिअरबॉक्स फुकटात बदलून देतो’, तर लगेच हो म्हणून मोकळे होऊ नका. जुना गिअरबॉक्स एकदा ट्रकमध्ये चढला की तुमचा पुरावाही त्यासोबत गेला. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 प्रमाणे तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि 45 दिवसांत अहवाल मागवतो. पण तपासायला वस्तू तर हवी. बदलायचाच असेल तर आधी कारण लेखी घ्या, जुन्या-नव्या दोन्ही गिअरबॉक्सचे क्रमांक जॉब कार्डावर चढवून घ्या, आणि सुटा केलेल्या जुन्याचे फोटो स्वतः उभं राहून काढा.

आता गाडी परत करण्याचं. इथे मी हात राखून बोलतो. 2006 मध्ये मारुतीच्या एका गाडीच्या क्लचच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीचं कलम वाचलं आणि सांगितलं की त्यात सदोष भाग बदलून देण्याचं वचन आहे, अख्खी गाडी बदलून देण्याचं नाही. तुमच्या वॉरंटी पुस्तिकेत बहुधा तसंच वाक्य असेल. शिवाय 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 42 आहे. माल नाकारतो असं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. तुम्ही 4,200 किलोमीटर चालवलीत, आणि नाकारल्याची एक ओळसुद्धा लिहिली नाहीत. म्हणून पूर्ण पैसे परत मिळतील अशी आशा मी लावत नाही. दुरुस्ती वारंवार फसल्याचं कागदावर दिसलं, तर चित्र बदलू शकतं. म्हणजे फिरून पुन्हा जॉब कार्डच.

पत्राच्या शेवटी तुम्ही हळूच लिहिलंय की समृद्धी महामार्गावर ‘जरा ताणून’ पाहिली आणि लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीला एकदम सुसाट सोडणारी सोय, दोन-तीनदा वापरलं. रील पण टाकली आहे. समृद्धीवर कारला मर्यादा ताशी 120 ची आहे, आणि गाडीचा कॉम्प्युटर असल्या गोष्टींची नोंद ठेवतो. निसानची जीटी-आर अमेरिकेत नवी आली तेव्हा स्थिरता नियंत्रण (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद करून लाँच कंट्रोल वापरणाऱ्या काही मालकांचे गिअरबॉक्स गेले, आणि कंपनीने वॉरंटी नाकारली. त्यामुळे तुमच्या पुस्तिकेत शर्यत, ट्रॅक, गैरवापर याबद्दल काय वगळलंय ते शब्दन्‌शब्द वाचा. रील आता घाईने काढू नका, लपवल्यासारखं दिसतं. वकिलाला मात्र सगळं आधीच सांगा. उलटतपासणीत पहिल्यांदा कळलं की आम्हा वकिलांची फार पंचाईत होते. ‘नागपूरच्या उन्हाने गिअरबॉक्स तापला’ असं कुणी म्हणालं, तर ते खुशाल लिहून मागा. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो त्या शहरात त्यांनीच गाडी विकली आहे.

ग्रुपवरच्या अफवा खोट्याच असतील असं नाही. 2014 मध्ये पोर्शच्या 911 जीटी3 ला युरोपात दोन ठिकाणी आग लागली. कंपनीने मालकांना गाड्या चालवू नका सांगितलं आणि शेवटी 785 गाड्यांची इंजिनं बदलली. इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचे स्क्रू सैल होत होते. पण तिथे कंपनीने स्वतः कारण सांगितलं. तुमच्याकडे ‘पुण्याच्या एकाचं पण गेलं’ एवढंच आहे. त्या पुण्याच्या गृहस्थांकडून जॉब कार्डाची प्रत आणि शपथपत्र मिळालं, तर तो पुरावा होईल. पेपरात, फेसबुकवर काही देऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीची तक्रार झाली, तर फिर्यादी राहाल बाजूला आणि आरोपी व्हाल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 110अ मध्ये सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आहे, तिकडे तक्रार जरूर नोंदवा. फक्त त्यातून तुमच्या खिशात काही येईल असं समजू नका.

आता तक्रार कुठे करायची ते. गाडीसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांच्या वर आणि 2 कोटींच्या आत, म्हणून जिल्हा आयोग नाही, राज्य आयोगाचं नागपूर खंडपीठ. कोर्टकचेरी मुंबईतच होईल असं बुकिंग फॉर्मवर छापलेलं असलं तरी घाबरू नका. तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची. ती कंपनीशी गोड बोलत बसल्याने थांबत नाही आणि नोटिशीच्या उत्तराची वाट पाहिल्यानेही थांबत नाही. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच. माझ्या एका पक्षकाराची तक्रार सुरू झाली तेव्हा त्याचा मुलगा सायकलने शाळेत जायचा. आता तोच मुलगा ती गाडी चालवत वडिलांना तारखेला आणतो.

गाडी नेमकी कुणाच्या नावावर आहे, ही एक गोष्ट तुम्ही स्पष्ट लिहिली नाही. पत्रात एका ठिकाणी ‘आमच्या फर्मने गाडी घेतली’ असं आलंय. गाडी फर्मच्या नावावर असेल आणि तुम्ही घसारा (गाडीच्या झिजेपोटी हिशेबात मिळणारी वजावट) घेत असाल, तर समोरचे ‘व्यावसायिक वापर’ म्हणून पहिला आक्षेप तोच काढतील. 2024 मध्ये डेमलर क्रायस्लरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीच्या संचालकासाठी घेतलेली गाडी एवढ्यानेच व्यावसायिक ठरत नाही, असं म्हटलं आहे. पण तुमच्या वह्या काय सांगतात ते पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही. आरसी आणि इन्व्हॉइसची प्रत पाठवा, सोबत वॉरंटी पुस्तिकेचं अपवादांचं पान. आणि यापुढे सर्व्हिस सेंटरला गेलात, तर तो रकाना तुमच्या शब्दांत भरल्याशिवाय किल्ली देऊ नका.