नोकरी स्वीकारण्यापूर्वी त्या घराची नोंदवही कशी आहे ते विचारा

ताई, बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि हातून गुन्हा घडलेल्या प्रौढांची देखभाल करणाऱ्या न्यूझीलंडमधल्या एका निवासी संस्थेने आपल्याला नोकरी देऊ केली आहे, आणि ती संस्था कशी आहे हे पुण्यात बसून कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे.

येथील व्यवस्था २००३ च्या कायद्यावर उभी आहे. तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या किंवा खटल्याला सामोरे जाण्यास असमर्थ ठरलेल्या अशा व्यक्तीला न्यायालय सक्तीच्या देखभालीखाली ठेवू शकते. आदेशाची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षे असते, परंतु कौटुंबिक न्यायालय ती वाढवू शकते आणि खरी मेख तिथेच आहे, कारण तुरुंगातल्या कैद्याला बहुधा सुटकेची तारीख ठाऊक असते, अशा देखभालीखालच्या रहिवाशाला नसते. म्हणून मुलाखतीत पहिला प्रश्न हाच विचारा की आपल्याकडचे किती रहिवासी बंदिस्त देखभालीतून देखरेखीखालच्या मोकळ्या घरात गेले.

मी प्रथम ज्या घरात काम केले, तेथील नोंदवहीत महिनोन्‌महिने ‘दिवस शांत गेला’ एवढेच लिहिलेले असे आणि व्यवस्थापकांना त्याचा अभिमान होता. शांत न जाऊन सांगतो कुणाला! आग लावल्याचा गुन्हा हातून घडलेले एक गृहस्थ तिथे राहत, त्यांना कोणी बाहेरच नेत नसे. सुऱ्यांच्या खणाला कुलूप होते हे एक वेळ समजू शकते, पण फ्रीजलाही होते, आणि आग लावल्याच्या गुन्ह्याचा फ्रीजशी काय संबंध, हे कोणालाच सांगता येईना. पुढच्या घरातले एक रहिवासी आधी दोन कर्मचाऱ्यांसह सुपरमार्केटला जात, सहा महिन्यांनी एकासह जाऊ लागले. त्या काळात वहीत भांडणाच्या चार नोंदी झाल्या, पण प्रत्येकीत आधी काय घडले आणि आपल्यापैकी कोणाचे काय चुकले, हेही लिहिलेले होते. मी दुसऱ्या घराला चांगले म्हणेन.

दर सहा महिन्यांनी तज्ज्ञांकडून होणाऱ्या फेरतपासणीनंतर रहिवाशाच्या देखभालीच्या आराखड्यात काय बदलले, हेही विचारा. रहिवाशांच्या तक्रारी ऐकण्यासाठी नेमलेल्या जिल्हा निरीक्षकांना, म्हणजे वकिलांना, रहिवासी स्वतः फोन करू शकतात का, हेही विचारा. व्हिडिओवर घर दाखवण्याचा आग्रह मात्र धरू नका, कारण ते रहिवाशांचे राहते घर आहे.

पद समाजकार्यकर्तीचे असेल तर फेब्रुवारी २०२१ पासून नोंदणी सक्तीची आहे. पदवीच्या कागदपत्रांची जुळवाजुळव आजच सुरू करा.