शटलकॉकमधले ‘शटल’ आणि मागावरचा धोटा

बॅडमिंटनच्या शटलकॉकमधील ‘शटल’ आणि इचलकरंजीच्या यंत्रमागावरचे ‘शटल’ हा एकच शब्द आहे का, आणि त्याला ‘कॉक’ म्हणजे कोंबडा कशासाठी जोडला गेला, असे कोल्हापुरातील एका वाचकांनी विचारले आहे.

शब्द एकच आहे. मराठीत ज्याला धोटा म्हणतात, तेच हे शटल. पोटात बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, कांडी घेऊन धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून या कडेहून त्या कडेला जातो आणि लगेच माघारी फिरतो. पिसांचे हे खेळणेही दोन खेळाडूंमध्ये तसेच ये-जा करत राहते, म्हणून त्याला धोट्याचे नाव मिळाले. जुन्या इंग्रजीत या शब्दाचे पूर्वरूप फेकून मारायच्या बाणासारख्या शस्त्रासाठी येते आणि ‘शूट’ या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. तरीही शटल म्हणजे वेगवान, हा समज बरोबर नाही. मिरज-कोल्हापूरसारख्या छोट्या टप्प्यावर ये-जा करणाऱ्या गाडीला शटल म्हणतात, तेव्हा त्या नावात वेगाची हमी नसते, हे तिच्यातून प्रवास करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

‘कॉक’ आला तो पिसांमुळे. खेळण्याचे बूड बुचाचे असते, त्यामुळे मूळ शब्द ‘कॉर्क’ असावा असा तर्क कोणालाही सुचेल. इंग्रजीत ‘शटलकॉर्क’ असे रूप काही काळ वापरातही होते, पण तो नंतरचा फेरफार आहे. कोंबड्याशी प्रत्यक्ष संबंध मात्र आज उरलेला नाही, कारण स्पर्धेच्या शटलमधील 16 पिसे हंसाची किंवा बदकाची असतात आणि साऱ्या शटलचे वजन जेमतेम 5 ग्रॅमच्या आसपास भरते.

शटलकॉक हा शब्द बॅडमिंटनपेक्षा पुष्कळ जुना आहे. तो सोळाव्या शतकापासून इंग्रजीत आढळतो, तर बॅडमिंटन एकोणिसाव्या शतकातले. तत्पूर्वी इंग्लंडात लहान फळ्यांनी शटलकॉक वरच्या वर टोलवत ठेवण्याचा खेळ होता. त्यात जाळे आले, 1870 च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रजांनी नियम बांधले, आणि काही काळ या खेळाला ‘पूना’ असेच म्हटले जाई. इंग्रजीत शटलकॉकचे क्रियापदही होते. एखाद्याला या कचेरीतून त्या कचेरीत धाडत राहणे असा त्याचा अर्थ. मराठीत त्यासाठी ‘टोलवाटोलवी’ हा शब्द आधीपासूनच आहे, आणि तोही खेळातूनच आलेला.

उरला प्रश्न मराठी प्रतिशब्दाचा. बोलताना आपण ‘शटल’ किंवा ‘फूल’ म्हणतो. इंग्रजी नाव हालचालीवरून पडले, आपले ‘फूल’ आकारावरून. मला ते अधिक नेमके वाटते, कारण खाली देठासारखे बूड आणि वर उमललेली पिसे हे वर्णन त्यात आपोआप येते. लेखी मराठीत ‘शटल’ नपुंसकलिंगी चालवावे, म्हणजे ‘शटल जाळ्यात अडकले’. क्रीडावृत्तात ‘फूल’ लिहायलाही हरकत नाही. पहिल्या उल्लेखात ‘बॅडमिंटनचे फूल’ असे लिहिले की पुढे नुसते ‘फूल’ पुरते.