कॅनडात राजा आहे, पंतप्रधान आहे, प्रांतांची वेगळी सरकारं आहेत, मग नक्की चालतं कुणाचं?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे जोडलंय ना, 'आणि अशा देशाला स्वतंत्र म्हणायचं का', त्या एका वाक्यामुळे लिहायला बसलो. नाहीतर आज रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे असतो.

मी टोरांटोजवळ मिसिसॉगाला राहतो, मूळचा सातारा जिल्ह्यातला. आमचे आजोबा त्रेचाळीस सालात पत्री सरकारच्या माणसांना रात्री भाकऱ्या पोचवायचे, हे ऐकत ऐकतच आम्ही मोठे झालो. आणि त्यांच्या नातवाने 2017 मध्ये कॅनडाचं नागरिकत्व घेताना उजवा हात वर करून एलिझाबेथ राणीशी आणि तिच्या वारसांशी निष्ठेने राहीन म्हणून शपथ घेतली. हे असं लिहिलं की मलाच कसंतरी होतं, खोटं कशाला बोलू.

हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. दारातच पीआर कार्ड (कायम राहण्याचा परवाना) काढून घेतलं, खुर्चीवर एक पाकीट, छोटा झेंडा आणि शपथेचा कागद. जज बाई एकेक तुकडा म्हणणार आणि आपण मागून म्हणायचं, आधी इंग्लिशमध्ये, मग फ्रेंचमध्ये. फ्रेंचला सगळा हॉल नुसते ओठ हलवत होता, फक्त माझ्या शेजारचे एक सरदारजी आजोबा खणखणीत आवाजात साफ चुकीचं म्हणत होते. मजा आली. फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत साडूंचा मेसेज, 'आजोबांनी गोऱ्यांना पळवलं, नातू राणीच्या पाया पडला', खाली हात जोडल्याचे तीन इमोजी. मी काही उत्तर दिलं नाही. दोन वर्षांनी कराडला त्यांच्या वास्तुशांतीला गेलो तर भर पंगतीत पुन्हा तेच, 'पाव्हणं, उद्या राणीनं हुकूम काढला तर काय करणार तुम्ही?' पंगत हसली. माझ्या हातात जिलेबी होती आणि मला काहीही सुचलं नाही. ते आता सुचलंय.

तर ऐका. मी घेतलेल्या शपथेत 'इंग्लंडची राणी' हे शब्दच नव्हते, 'कॅनडाची राणी' होते, आता 'कॅनडाचा राजा'. माणूस एकच, पण पद वेगळं. 17 एप्रिल 1982 ला राणीने स्वतः राजधानीत, ओटावात येऊन सही केली, त्यानंतर कॅनडाच्या राज्यघटनेला लंडनची संसद हात लावू शकत नाही. हुकूम काढायचा म्हटलं तर तो कुठून आणि कुणाच्या सल्ल्याने काढणार? राजा इथे सल्ल्याशिवाय काही करत नाही, आणि सल्ला देणार पंतप्रधान. पंतप्रधान कोण, तर ज्याच्या मागे खालच्या सभागृहाचा विश्वास आहे तो. 343 जागा, 172 झाल्या की बहुमत, हे आपल्याला लोकसभेमुळे पाठच असतं. रोजच्या सह्या राजाची इथली प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल करते आणि तिला निवडतो पंतप्रधानच, राजा फक्त नेमतो. सिनेटचे, म्हणजे वरच्या सभागृहाचे 105 लोक पण असेच नेमलेले, वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत. सिनेटबद्दल मला विचारू नका, मलाही तो वशिल्याचाच कारभार वाटतो.

आता प्रांत. लोकांची समजूत अशी की वर राजा, त्याखाली ओटावा म्हणजे केंद्र सरकार, त्याखाली प्रांत, जसा तहसीलदाराखाली तलाठी. तसं अजिबात नाहीये. 1867 च्या कायद्यातच वाटणी झालेली आहे, सैन्य, चलन, बँका, फौजदारी कायदा ओटावाकडे, आणि दवाखाने, शाळा, जमीन, नगरपालिका प्रांतांकडे. प्रत्येक प्रांतात राजाचा वेगळा प्रतिनिधी, लेफ्टनंट गव्हर्नर. आणि 1892 मध्ये न्यू ब्रन्सविकच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेच, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टानेच, सांगून टाकलं की केंद्रासाठी गव्हर्नर जनरल जसा राजाचा प्रतिनिधी, तसाच प्रांतासाठी लेफ्टनंट गव्हर्नर. म्हणजे प्रांताला अधिकार ओटावाने उपकार म्हणून दिलेले नाहीत. ज्या राजाच्या नावाने साडू मला टोमणे मारतात त्याच्यामुळेच इथले प्रांत ताठ मानेने उभे आहेत, हे माझं स्पष्ट मत आहे. आमच्या ओंटारिओ प्रांताचं सरकार ओटावा बरखास्त करू शकत नाही, आपल्या 356 सारखं कलमच नाही इथे. साडूंनी पहाटेचे शपथविधी बघितलेत, त्यांनी तरी राज्यपालांवरून बोलू नये.

उदाहरणच बघा, मी शपथ घेतली त्याच वर्षातलं. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 87 जागा, लिबरल 43, एनडीपी 41, ग्रीन 3. लिबरलच्या मुख्यमंत्री क्रिस्टी क्लार्क 44 विरुद्ध 42 ने विश्वास गमावून बसल्या आणि लेफ्टनंट गव्हर्नरकडे जाऊन म्हणाल्या, परत निवडणूक घ्या. लेफ्टनंट गव्हर्नर ज्युडिथ गिशॉन यांनी नाही म्हणून सांगितलं आणि विरोधी पक्षाच्या, एनडीपीच्या जॉन हॉर्गनना बोलावलं. झालं. रिसॉर्ट नाही, बस नाही, रात्री दोनला कोर्ट नाही.

हां, पण सगळं इतकं गोड नाहीये, हे आधी सांगायला हवं होतं. अंपायर, म्हणजे राजाचा प्रतिनिधी, नेमतो कोण, तर बॅट्समन म्हणजे पंतप्रधानच, आणि प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नरसुद्धा ओटावाच नेमतं, तेवढं आपल्यासारखंच. 2008 मध्ये सरकार पडणार असं दिसल्यावर पंतप्रधान हार्पर संसद स्थगित करून घ्यायला गेले, गव्हर्नर जनरल मिकाएल जाँ यांनी त्यांना दोन तासांहून जास्त थांबवून ठेवलं, पण शेवटी दिलीच परवानगी. प्रांताचा कायदा रद्द करायचा ओटावाचा अधिकार कागदावर अजून आहे, शेवटचा वापरला 1943 मध्ये (आमचे आजोबा तेव्हा भाकऱ्या नेत होते). आणि शहरांना तर कुणी वालीच नाही, 2018 मध्ये ऐन निवडणुकीच्या धामधुमीत ओंटारिओने टोरांटोचे निवडून यायचे 47 नगरसेवक कापून 25 केले, आणि सुप्रीम कोर्टानेही ते चालवून घेतलं. क्वेबेक प्रांताच्या आमदारांना 2022 पासून राजाची शपथ घ्यावी लागत नाही, म्हणजे माझ्यासारखं कसंतरी होणारे इथेही आहेत.

पण गुलामगिरी? 15 ऑगस्ट 1947 ते 26 जानेवारी 1950 भारत पण डोमिनियनच होता, म्हणजे कारभार आपला पण नावाला ब्रिटिश राजा, राजा सहावा जॉर्ज, गव्हर्नर जनरल आधी माउंटबॅटन आणि मग राजगोपालाचारी. त्याच काळात सप्टेंबर 48 ला हैदराबादेत फौज गेली, निर्णय कुणाचा होता? नेहरू-पटेलांचा. जॉर्जला कोण विचारतंय. मग ती अडीच वर्षं आपण गुलाम होतो काय? साडूंच्या वडिलांनी 15 ऑगस्टला गावात पेढे वाटले होते, हे साडूच अभिमानाने सांगतात, ते काय 26 जानेवारीपर्यंत झाकून ठेवायला हवे होते?

तुम्ही स्वतः शपथेच्या रांगेत असाल तर घ्या खुशाल, फक्त फोटो ग्रुपवर टाकू नका. आणि त्याआधीच्या नागरिकत्वाच्या टेस्टमध्ये हेड ऑफ स्टेट (राष्ट्रप्रमुख) कोण असं आलं तर राजावर खूण करा, पंतप्रधानावर नाही. मला विसात एकोणीस पडले, तेवढा एकच चुकला होता.